विश्लेषण : गाडीतल्या रेडिओची खरखर कोणी घालवली? एफएमचे जनक एडविन आर्मस्ट्राँग यांना त्याची काय किंमत मोजावी लागली?

पावसाळी संध्याकाळी महामार्गावर गाडीतला रेडिओ मीडियम वेव्हवर लावला, तर दूरवर वीज चमकली तरी स्पीकरमधून कडकड ऐकू येते. उच्चदाबाच्या तारांखालून गाडी गेली की घरघर सुरू होते. एफएमचे बटण दाबले की हे आवाज जवळपास नाहीसे होतात. हा फरक एका माणसाच्या वीसेक वर्षांच्या चिकाटीतून आला आहे. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हे त्याचे नाव. आज जगातल्या बहुतेक सर्व रेडिओंमध्ये त्यांचा एखादा तरी शोध आहे. मात्र हे शोध आपलेच आहेत, हे कोर्टात सिद्ध करण्यातच त्यांचे निम्मे आयुष्य गेले.

गाडीतला रेडिओ खरखरतो कशामुळे?

रेडिओचा जन्मच ठिणगीतून झाला. मार्कोनीच्या काळातील प्रक्षेपक दोन धातूंच्या टोकांमध्ये मोठी ठिणगी पाडून लहरी निर्माण करत. पेट्रोल इंजिनातला स्पार्क प्लग नेमके हेच करतो. इंजिन सुरू असताना मिनिटाला हजारो ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी हा एक चिमुकला प्रक्षेपकच असतो. त्यात आल्टरनेटर, वायपर आणि पंख्याच्या मोटरी, हॉर्न, इंडिकेटर यांची भर पडते. म्हणजे रेडिओसाठी गाडीइतकी गोंगाटाची जागा दुसरी शोधणे कठीण. अमेरिकेतील गॅल्व्हिन कंपनीने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ या नावाने गाडीचा रेडिओ बाजारात आणला, तेव्हा संच बसवण्याइतकेच कष्ट स्पार्क प्लग आणि डिस्ट्रिब्युटरला रोधक लावून ठिणगीचा आवाज दाबण्यात जात. या मोटोरोलाचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

आर्मस्ट्राँग कोण होते?

त्यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. वडील ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या अमेरिकी शाखेत अधिकारी, तर आई लग्नापूर्वी शिक्षिका होती. लहानपणी झालेल्या आजाराने त्यांच्या खांद्याला आणि चेहऱ्याला झटके येण्याचा त्रास जडला. त्यामुळे शाळा काही काळ सुटली आणि एकटे राहून यंत्रांशी खेळण्याची सवय लागली. कुटुंब हडसन नदीकाठच्या याँकर्स गावी राहायला गेले, तेव्हा माळ्यावरची खोली त्यांची प्रयोगशाळा झाली. दूरची स्टेशने ऐकू यावीत म्हणून अंगणात त्यांनी स्वतःच उंच अँटेना उभारली. उंचीची भीती त्यांना कधीच वाटली नाही.

पुढे कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत असताना त्यांनी ली डी फॉरेस्ट यांच्या ‘ऑडिऑन’ या व्हॅक्यूम ट्यूबचा बारकाईने अभ्यास केला. ही ट्यूब नेमकी कशी चालते, हे तेव्हा खुद्द डी फॉरेस्ट यांनाही नीट उमगलेले नव्हते. १९१२ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी ट्यूबमधून बाहेर पडणाऱ्या संदेशाचा काही भाग पुन्हा आत सोडला. क्षीण संदेश फेरीगणिक वाढत गेला आणि हेडफोन कानाला लावल्याशिवाय ऐकू न येणारी स्टेशने खोलीभर ऐकू येऊ लागली. हीच जोडणी आणखी पुढे नेली तर ट्यूब स्वतःच लहरी निर्माण करते, हेही त्यांच्या लक्षात आले. म्हणजे एकाच शोधातून संवेदनशील ग्राहक आणि ठिणगीविना चालणारा प्रक्षेपक, दोन्ही मिळाले. तेव्हा त्यांचे वय होते २१.

पहिला खटला कशावरून झाला?

पेटंटसाठी पैसे हवे होते. आधी पदवी पूर्ण कर, असे म्हणून वडिलांनी नकार दिला. मग ३१ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी आकृती नोटरीकडून साक्षांकित करून घेतली. पेटंटचा अर्ज त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झाला आणि पुढच्या वर्षी पेटंट मिळाले. काही काळाने हीच कल्पना आपल्याला आधी सुचल्याचा दावा डी फॉरेस्ट यांनी केला. दोन्ही बाजूंना मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि प्रकरण जवळपास २० वर्षे चालले. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्ट यांच्या बाजूने निकाल दिला. बहुतेक अभियंत्यांना मात्र न्यायालयाची तांत्रिक समजूत चुकली असेच वाटले. रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने याच शोधासाठी आर्मस्ट्राँग यांना पूर्वी मानपदक दिले होते. निकालानंतर ते परत करण्यासाठी आर्मस्ट्राँग संस्थेच्या सभेत गेले, पण संस्थेने ते परत घेण्यास नकार दिला.

इंजिनाच्या ठिणगीतून सुचलेला शोध कोणता?

पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये अधिकारी म्हणून पॅरिसला होते. शत्रूची विमाने दिसण्याआधी त्यांचा सुगावा कसा लागेल, हा तेव्हाचा प्रश्न. विमानाच्या इंजिनातील ठिणग्यांमधून फार आखूड रेडिओ लहरी निघतात, त्या पकडता आल्या तर काम होईल, असे त्यांच्या मनात आले. पण इतक्या उच्च वारंवारतेच्या क्षीण लहरी वाढवणे तेव्हाच्या ट्यूबना जमत नव्हते. त्यांनी तोडगा काढला : येणाऱ्या लहरीत संचातच तयार केलेली दुसरी लहर मिसळायची, त्यातून कमी आणि ठरावीक वारंवारता मिळवायची आणि वाढवण्याचे सगळे काम तिथे करायचे. विमाने शोधण्यासाठी याचा उपयोग होण्याआधीच युद्ध संपले, पण १९१८ मधील हा ‘सुपरहेटरोडाइन’ ग्राहक कायमचा रुजला. काटा कुठल्याही स्टेशनवर असो, एएम रेडिओ आतून साधारण ४५५ किलोहर्ट्झवर आणि एफएम रेडिओ १०.७ मेगाहर्ट्झवर काम करतो, ही पद्धत त्यांचीच.

या पेटंटांच्या विक्रीतून ते श्रीमंत झाले. वेस्टिंगहाउसने त्यांना ३ लाख ३५ हजार डॉलर दिले. आणखी एका शोधाच्या मोबदल्यात ‘रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’ म्हणजे आरसीएचे ६० हजार शेअर मिळाले. त्या वेळी या कंपनीच्या सर्वांत मोठ्या व्यक्तिगत भागधारकांत त्यांची गणना होई. आरसीएचे डेव्हिड सारनॉफ त्यांचे जुने मित्र. सारनॉफ यांच्या सचिव मेरियन मॅकइनिस यांच्याशी आर्मस्ट्राँग यांनी १ डिसेंबर १९२३ रोजी विवाह केला. लग्नाची भेट म्हणून मेरियन यांना मिळाला तो त्यांनी स्वतः तयार केलेला, उचलून नेता येईल असा सुपरहेट रेडिओ.

खरखरीपुढे सगळेच का हरत होते?

तेव्हा रेडिओ म्हणजे फक्त एएम. या पद्धतीत आवाजानुसार लहरीची उंची कमी-जास्त होते. अडचण अशी की वीज, ठिणगी, मोटर यांचा गोंगाटही लहरीच्या उंचीतच भर घालतो. मग गाणे कुठले आणि गोंगाट कुठला, हे ग्राहकाला ओळखता येत नाही. उपाय म्हणून प्रक्षेपकाची शक्ती वाढवली जाई, किंवा संचात चाळण्या बसवल्या जात. चाळणी कडक केली की खरखरीबरोबर गाण्यातले बारीक स्वरही जात. खरखर घालवणारे एखादे साधे उपकरण मिळावे, अशी सारनॉफ यांचीही इच्छा होती.

लहरीच्या उंचीऐवजी तिची वारंवारता बदलून आवाज पाठवायचा, म्हणजे एफएम, ही कल्पना नवी नव्हती. पण १९२२ मध्ये एटी अँड टीचे गणितज्ञ जॉन कार्सन यांनी गणिताने दाखवून दिले होते की, अरुंद पट्ट्यात एफएम वापरल्यास काहीच फायदा होत नाही. गणित बरोबर होते. त्यामुळे बहुतेकांनी तो विषय सोडून दिला.

आर्मस्ट्राँग यांनी वेगळे काय केले?

सर्वांचा आग्रह होता की पट्टा जितका अरुंद तितका गोंगाट कमी शिरेल. आर्मस्ट्राँग यांनी पट्टा मुद्दाम रुंद केला. आवाजानुसार वारंवारता खूप मोठ्या अंतरात वर-खाली होऊ दिली. आजच्या एफएममध्ये ती मध्यापासून दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत सरकते. ग्राहकात त्यांनी ‘लिमिटर’ बसवला. तो लहरीची उंची सपाट छाटून टाकतो. गोंगाट मुख्यतः उंचीत असतो, तो तिथेच कापला जातो. गाणे वारंवारतेत असते, ते सुखरूप पुढे जाते. गोंगाट संचात शिरल्यानंतर त्याच्याशी झगडण्याऐवजी संचाला त्याकडे दुर्लक्ष करता येईल अशीच संदेशाची रचना त्यांनी केली.

२६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांना या पद्धतीची पेटंटे मिळाली. १९३४ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीच्या ८५व्या मजल्यावरील आरसीएच्या जागेतून प्रक्षेपण झाले आणि लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर, सुमारे शंभर किलोमीटरवर, ते ऐकले गेले. एएमवर वादळाची कडकड, तर एफएमवर शांतता. नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कमधील अभियंत्यांच्या सभेत त्यांनी प्रात्यक्षिक दिले. याँकर्समधील मित्राच्या घरून पाणी ओतल्याचा, कागद चुरगळल्याचा आवाज पाठवला गेला आणि सभागृहात तो खऱ्यासारखा ऐकू आला. गाण्यांच्या मधल्या शांततेत रेडिओ बंद पडला की काय, असे वाटावे इतका तो स्वच्छ होता.

मग एफएम लगेच का आले नाही?

सारनॉफ यांना खरखर घालवणारे उपकरण हवे होते. मित्राने आणली ती अख्खी नवी व्यवस्था. नवे प्रक्षेपक, नवे संच आणि आरसीएच्या एएम साम्राज्याला थेट आव्हान. शिवाय आरसीएचा पैसा आणि लक्ष टेलिव्हिजनकडे वळले होते. १९३५ मध्ये एम्पायर स्टेटमधून उपकरणे हलवण्यास आर्मस्ट्राँग यांना सांगण्यात आले. त्यांनी स्वतःच्या पैशाने न्यू जर्सीतील अल्पाइन येथे, हडसनच्या काठावरील कड्यांवर, १२० मीटरहून उंच मनोरा उभारला. १९३९ पासून तिथून पूर्ण शक्तीने एफएम प्रक्षेपण सुरू झाले. ‘यांकी नेटवर्क’सारख्या स्वतंत्र प्रसारकांनी साथ दिली. १ जानेवारी १९४१ पासून एफएमला ४२ ते ५० मेगाहर्ट्झचा पट्टा व्यापारी प्रसारणासाठी मिळाला.

इतर कंपन्या विक्रीच्या प्रमाणात स्वामित्वशुल्क देत होत्या. आरसीएने १९४० मध्ये एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. इतरांना लावलेला नियम एका बलाढ्य कंपनीसाठी मोडायचा नाही, म्हणून आर्मस्ट्राँग यांनी नकार दिला.

गाड्यांमध्ये एफएम कधी शिरले?

गाण्यांआधी ते पोलिसांच्या गाड्यांत शिरले. १९४० मध्ये कनेक्टिकट राज्य पोलिसांनी प्राध्यापक डॅनियल नोबल यांच्या आराखड्यानुसार दुतर्फा एफएम रेडिओ वापरायला सुरुवात केली. चालत्या इंजिनाशेजारी एएम संचावर शब्द कळत नसत, तिथे एफएम चालले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी रणगाड्यांमध्ये एफएम संच बसवले गेले. रणगाड्याचे इंजिन म्हणजे ठिणग्यांचा कारखानाच, तरीही आदेश स्पष्ट ऐकू येत. या काळात आर्मस्ट्राँग यांनी आपली पेटंटे सैन्याला विनामोबदला वापरू दिली. ऐन वाढीच्या वर्षांतील उत्पन्न त्यांनी स्वतःहून सोडले. करमणुकीसाठी गाडीत एफएम यायला मात्र १९५२ उजाडले. त्या वर्षी जर्मनीच्या ब्लाउपुंक्ट कंपनीने एफएम असलेला गाडीचा रेडिओ आणला.

१९४५ मध्ये काय घडले?

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर हलवला. वातावरणातील वरच्या थरांमुळे जुन्या पट्ट्यात दूरच्या स्टेशनांचा व्यत्यय येईल, असे कारण दिले गेले. आर्मस्ट्राँग आणि इतर काही तज्ज्ञांना ते मान्य नव्हते. निर्णयाचा परिणाम तत्काळ झाला. लोकांच्या घरातील काही लाख एफएम संच निरुपयोगी ठरले, प्रक्षेपक नव्याने बांधावे लागणार होते. एफएमची घोडदौड अनेक वर्षे मागे पडली. आपल्याकडे १९७७ मध्ये मद्रासला पहिले एफएम केंद्र सुरू झाले आणि २००१ पासून खासगी वाहिन्या आल्या. आपल्या रेडिओवरचा काटाही त्याच ८८ ते १०८ च्या दरम्यान फिरतो.

अखेरची लढाई कशी झाली?

आरसीएने एफएम असलेले संच विकले, पण आर्मस्ट्राँग यांना शुल्क दिले नाही. आपली एफएम पद्धत स्वतंत्र असल्याचा कंपनीचा दावा होता. टेलिव्हिजनचा आवाजही एफएमनेच जाऊ लागला होता. २२ जुलै १९४८ रोजी आर्मस्ट्राँग यांनी आरसीए आणि तिच्या एनबीसी या प्रसारण कंपनीवर दावा लावला. कंपनीच्या वकिलांनी जबान्या आणि तपासण्या लांबवत नेल्या. १९५० च्या अखेरीस मूळ पेटंटांची मुदत संपली. उत्पन्न आटले, खर्च वाढत राहिला. कोलंबिया विद्यापीठात ते वेतन न घेता प्राध्यापक होते. प्रयोगशाळेत जाण्याचा वेळ आता वकिलांकडे जात होता.

याची झळ घरालाही लागली. तडजोड करावी, असे मेरियन यांचे मत होते. नोव्हेंबर १९५३ मध्ये पैशांवरून झालेला वाद विकोपाला गेला आणि आर्मस्ट्राँग यांच्या हातून पत्नीला इजा झाली. मेरियन बहिणीकडे निघून गेल्या. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, क्षमा मागणारी चिठ्ठी पत्नीसाठी ठेवून आर्मस्ट्राँग यांनी आयुष्य संपवले. ते ६३ वर्षांचे होते. पहिल्या आकृतीवर नोटरीची मोहोर उमटली, ती तारीखही ३१ जानेवारीच होती. मधे ४१ वर्षे गेली होती.

मेरियन यांनी पुढे काय केले?

त्याच वर्षाच्या अखेरीस आरसीएबरोबर सुमारे दहा लाख डॉलरची तडजोड झाली. रक्कम जवळपास तेवढीच, जी १९४० मध्ये नाकारली गेली होती. पण मेरियन थांबल्या नाहीत. पेटंट वापरूनही पैसे न देणाऱ्या इतर कंपन्यांविरुद्ध त्या एकेक करून लढल्या आणि जिंकत गेल्या. शेवटची कंपनी होती मोटोरोला. गाडीतल्या रेडिओवरून जिचे नाव पडले, तीच. १९६७ मध्ये हा खटलाही मेरियन यांच्या बाजूने संपला. एफएमचा शोध आर्मस्ट्राँग यांचाच, यावर त्यानंतर वाद उरला नाही. अल्पाइनचा मनोरा आजही उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरवरील अँटेना नष्ट झाल्यावर न्यूयॉर्कच्या काही टीव्ही वाहिन्यांनी तात्पुरते प्रक्षेपण तिथूनच केले.

एफएम असूनही आपल्या गाडीत खरखर का येते?

लिमिटरची एक अट आहे : स्टेशनचा संदेश पुरेसा जोरकस हवा. तो ठरावीक पातळीखाली गेला की गोंगाट एकदम वर येतो. म्हणून एफएमवर सतत सुस्कारा ऐकू येत असेल, तर पहिला संशय अँटेनावर घ्यावा. तिच्या बुडाशी गंज, सैल झालेला नट किंवा संचामागून निसटलेली केबल ही नेहमीची कारणे. डोंगराआड किंवा उंच इमारतींमध्ये आवाज फाटत असेल, तर तो परावर्तित लहरींचा परिणाम आहे. गाडीत दुरुस्त करण्यासारखे त्यात काही नसते.

बाकी गोंगाटासाठी क्रमाने तपासावे. इंजिन बंद ठेवून फक्त रेडिओ लावा. आवाज तसाच असेल तर कारण बाहेरचे किंवा अँटेनाचे. मोबाइल चार्जर, डॅशकॅम, बाहेरून बसवलेले एलईडी दिवे एकेक करून बंद करून पाहा, स्वस्त चार्जर हा आजचा मोठा दोषी आहे. इंजिन सुरू केल्यावर टिकटिक ऐकू आली आणि ॲक्सिलरेटरबरोबर ती वाढली, तर स्पार्क प्लग किंवा त्याच्या वायरीकडे पाहावे. रोधक असलेलेच प्लग वापरावेत. डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसल्याने ही टिकटिक नसते. वेग वाढताना चढत जाणारी शिट्टी असेल, तर ती बहुधा आल्टरनेटरची. हीच शिट्टी ब्लूटूथवर गाणे लावल्यावरही येत असेल, तर ती अँटेनातून नव्हे, वीजपुरवठ्यातून किंवा अर्थिंगमधून शिरते आहे. मेकॅनिककडे अँटेनाची केबल क्षणभर काढून पाहिली की वाट नक्की होते : आवाज गेला तर तो अँटेनातून येत होता, राहिला तर वायरिंगमधून. वेगळा ॲम्प्लिफायर बसवला असेल, तर संचाकडून त्याच्याकडे जाणारी वायर आणि बॅटरीची वायर गाडीच्या वेगवेगळ्या बाजूंनी न्यावी. ॲक्सेसरीजच्या दुकानात तिला ‘आरसीए वायर’ म्हणतात. हे नाव त्याच कंपनीवरून पडले आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांत एएम नको का झाले?

इलेक्ट्रिक गाडीत स्पार्क प्लग नसतो. पण मोटरला वीज देणारे इन्व्हर्टर सेकंदाला हजारो वेळा प्रवाह चालू-बंद करतात आणि तो गोंगाट एएमच्या पट्ट्यात पसरतो. टेस्ला, बीएमडब्ल्यूसह काही कंपन्यांनी आपल्या इलेक्ट्रिक गाड्यांतून एएम काढून टाकले. फोर्डनेही २०२३ मध्ये तसे ठरवले होते. मात्र आपत्तीच्या वेळी दूरच्या गावांपर्यंत सूचना एएमवरूनच पोहोचतात, असा आक्षेप अमेरिकेत घेतला गेला आणि कंपनीने निर्णय फिरवला. एफएम काढण्याचा विचार मात्र या वादात कोणी मांडला नाही. गोंगाट बदलला तरी तो लहरीच्या उंचीतच येतो आणि तो छाटण्याची युक्ती १९३३ सालीच झालेली आहे.